तिनं वाढवला

८ फेब्रुवारी

ताई,

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. तू आईला तुझ्याकडे न्यायचं म्हणतेस, शुश्रूषागृहात तसा अर्जही दिला आहेस, हे त्यांच्याकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. तिला तिथे ठेवताना सही माझी होती, म्हणून माझी संमती लागते. मी तूर्त नाही म्हटलं आहे.

राग धरू नकोस. माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. त्या थंडीच्या रात्री जे झालं ते कोणाच्याही हातून झालं असतं. दिवसभर कारखान्यात पडदे शिवायचे, घरी येऊन आईचं सगळं करायचं, माणूस दमतो. आणि जाता-येता बटणं बंद करत फिरण्याची तुझी सवय काही आजची नाही. मी टेबलाशी वाचत बसलेला असायचो आणि तू दिवा बंद करून निघून जायचीस. मी ओरडलो की दारातून म्हणायचीस, "अगबाई, तू होतास होय? मला वाटलं खुर्चीवर शर्ट टाकलाय."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बहीण नीट सांभाळेल का. मी काय सांगणार? हीटर प्लगपाशी बंद होता. आई सकाळी गारठलेली सापडली. न्यूमोनियातून ती उठली, पण चालणं गेलं ते गेलंच. आईने स्वतः दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं. मी फक्त दुजोरा दिला.

तुझी नवी जागा तळमजल्यावर आहे, दाराला पायरी नाही, हेही त्या म्हणाल्या. मी विचार करीन.

आई तुझी वाट पाहते. तुला सुट्टी मिळत नाही असं मी तिला सांगतो.

घरी सगळं जागच्या जागी आहे. मी आता आईच्या खोलीत झोपतो. पाहुणाही, आपलं बोलणं ऐकणारा तो डबा, कपाटावर तसाच आहे.

धाकटा


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी माझ्या कामाचं लिहितो. तू एकदा विचारलं होतंस, तू दिवसभर करतोस तरी काय, आणि मी म्हटलं होतं, तुला नाही कळायचं. तुला कळलं असतं. मला सांगायचा कंटाळा आला होता.

पाहुण्यासारखी यंत्रं घरातले दिवे, पंखे, हीटर चालवतात. माणूस बोलतो आणि यंत्राने ओळखायचं की त्याला काय हवं आहे. त्याला आम्ही नियम शिकवत नाही. नमुने देतो. माणूस असं म्हणाला तर तू असं कर, असे थोडेसे नमुने त्याच्यापुढे ठेवलेले असतात. माणूस काही बोलला की यंत्र आधी ते नमुने बघतं आणि त्यांच्या चालीने पुढचं स्वतः ठरवतं. नमुने निवडायचे, हे माझं काम. मोजकेच निवडायचे असतात. त्यातच कसब असतं असं मला वाटायचं.

पहिले नमुने इतरांनी लिहिलेले होते. 'कृपया दिवा लावा.' 'कृपया तापमान कमी करा.' असं आपल्या घरात कोण बोलतं? मी आईची वाक्यं घेतली. 'डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना' म्हटलं की दिवा लावायचा. 'थंडीनं हातपाय गळून पडायची वेळ आली' म्हटलं की हीटर. 'त्या बाईचं रडगाणं पुरे' म्हटलं की टीव्ही बंद. साहेब खूश झाले. म्हणाले, ही घरातली भाषा आहे. तेव्हापासून ते काम माझ्याकडे एकट्याकडे आलं.

आई दिव्याला 'विझव' म्हणत नाही, हे तुला सांगायला नको. विजेच्या दिव्यालासुद्धा नाही. बांगडी फुटली तर ती 'वाढवली', आणि दिवा बंद करायचा तर तो 'वाढव'. मी ते घेतलं. 'दिवा वाढव' म्हटलं की दिवा बंद. मग वाटलं, आई दर वेळी 'दिवा' कुठे म्हणते? म्हणून आणखी दोन दिले. 'बाहेरचा वाढव.' 'आता वाढव तो.' दोन्हीचं उत्तर, बंद करणे. हे नमुने ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवले गेले. मलाही ते फार आवडले होते.

आमच्याकडे चाचणी घेणारी एक मुलगी आहे. प्रत्येक चालत्या गोष्टीला ती नाट लावते, म्हणून तिचं नावच नाट पडलं आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत यंत्रावर गाणं लावलं होतं. कोणीतरी म्हणालं, "आवाज वाढव रे." गाणं बंद. पुन्हा लावलं. "अरे वाढव!" पुन्हा बंद. सगळे हसून बेजार. साहेब म्हणाले, "याला आपली आवड पसंत नाही दिसत." नाट हसली नाही. ती पंख्याखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पंखा वाढव." पंखा थांबला.

मी जागेवर जाऊन एक नमुना वाढवून टाकला. 'पंखा वाढव', उत्तर, वेग जास्त करणे. लगेच सगळं सुरळीत झालं. एका ओळीचं काम होतं.

गंमत म्हणून लिहिलं.

डॉक्टरीणबाईंकडे मी आणखी थोडी मुदत मागितली आहे.

धाकटा


२ मार्च

ताई,

मागचं पत्र तू दोनदा वाचलं असशील. मी ते टपालपेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभा राहिलो. ती गंमत नव्हती.

आता सरळ लिहितो.

पाहुणा दुकानातून आणलेला नव्हता. तो ऑफिसातला, अजून चाचणीत असलेला होता. तशा यंत्राला नावाने हाक मारावी लागते, मगच ते ऐकतं. आईने हाक मारायला साफ नकार दिला होता. "मी काय त्या डब्याची आरती करत बसू?" म्हणाली होती. म्हणून मी हाक न मारता ऐकायची सोय चालू करून दिली. घरात जे कोणी बोलेल ते त्याला ऐकू जात होतं. मला ते हवंच होतं. दर रविवारी मी येऊन आईशी गप्पा मारायचो तेव्हा माझं अर्धं लक्ष तिच्या वाक्यांवर असायचं. तुला वाटायचं, आता हा आईपाशी बसायला लागला. तू आतून चहा आणून द्यायचीस.

जुन्या हीटरचा प्लग मीच बदलला होता. त्यातून पाहुण्याला हीटर बंद-चालू करता यायचा. तुला सांगितलं होतं की हा प्लग जास्त टिकतो.

दवाखान्याच्या जिन्यात तू जे सांगत होतीस ते आता मी तुलाच लिहितो. आई म्हणाली, "वाढव गं जरा." तू उठलीस, हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवलीस, तिच्या पायांवर दुसरी चादर घातलीस आणि आत जाऊन झोपलीस. कळ फिरवताना खट् असा आवाज आला. तुला वाटलं, कळ बसली. मी तुला म्हणालो होतो, "तू झोपेत होतीस, तुला काय आठवणार?"

कळ शेवटपर्यंत फिरवलेली होती, ताई. सकाळी मी आलो तेव्हा मी ती पाहिली. प्लग बंद आणि कळ शेवटाला. बंद करायला आलेलं माणूस आधी कळ चढवत नाही. हे मला तेव्हाच खटकलं होतं. मी कळ फिरवून शून्यावर आणून ठेवली. का, ते मला सांगता येत नाही. आवराआवर करतो तसं केलं.

ऑफिसात पंखा थांबला त्या संध्याकाळी मी घरी येऊन हीटर लावला. घरच्या पाहुण्यात अजून जुनेच नमुने होते. खोलीच्या मधोमध उभा राहिलो. म्हटलं, "वाढव गं जरा." आवाज आला. खट्. कळीपाशी नाही, भिंतीपाशी. हीटरच्या जाळीवर मी हात धरून बसलो. ती पुष्कळ वेळ कोमट राहते. आईलाही लगेच कळलं नसणार. कळलं तेव्हा तिने तुला हाक मारली नाही, कारण तू दमली होतीस. हे तिने मला सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी नाट माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "तुमच्या घरी एक लावलेला आहे ना? तिथे कोणी कधी 'वाढव' म्हणालं नाही?"

"नाही."

"कमाल आहे. घरात तर दिवसातून दहादा म्हणतात."

"आमच्याकडे बोलणारी माणसं कमी," मी म्हणालो.

ती गेली. वाईट आहे ती असं मी दिवसभर मनात घोळवत राहिलो.

तू हीटर बंद केला नव्हतास. यंत्राने केला. मी शिकवलेलं तेवढंच त्याने केलं.

तुझा भाऊ


६ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "यंत्राचं समजलं. डॉक्टरीणबाईंना शब्दाचा अर्थ यंत्राने सांगितला होता का?"

मला वाटलं होतं, तू हे विचारणार नाहीस. मागचं पत्र लिहून मी निवांत झोपलो होतो. एवढं कबूल केलं म्हणजे सगळं कबूल केलं, असा माझा हिशेब होता.

नाही. तो मी सांगितला.

आईच्या नाकावर नळी होती. डॉक्टरीणबाई खाली वाकून विचारत होत्या, रात्री हीटर चालू होता का, कोणी बंद केला का. आई म्हणाली, "तिनं वाढवला होता." स्पष्ट म्हणाली. तुझी बाजू घेऊन म्हणाली. डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या. त्या मान डोलावून पुढे गेल्या असत्या. मी म्हणालो, "आमच्या घरात वाढवणं म्हणजे बंद करणं. जुनी पद्धत आहे बोलायची. दिवा वाढवणं म्हणतात ना, तसं."

तू दारात होतीस. मामा तुझ्या मागे होते. तू म्हणालीस, "शहाण्या, हीटरला कोणी दिव्यासारखं वाढवतं का?" मी तुझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंकडे बघून, तू काही बोललीच नाहीस असं करून, मी म्हणालो, "ती फार थकलेली असते हो." फार सहानुभूतीने म्हणालो. तो सूर मला अजून ऐकू येतो.

तेव्हा यंत्राचं मला ठाऊक नव्हतं. हे खरं आहे, पण ते माझ्या उपयोगाचं नाही. शब्दाचं ठाऊक होतं. आईच्या तोंडच्या त्या शब्दावर मी महिनाभर काम केलं होतं. दिव्यापाशी तो काय आणि हीटरपाशी काय, हे या घरात कोणाला सांगावं लागलेलं नाही. मला तर नाहीच.

मग का? मी कळ शून्यावर आणून ठेवली होती. प्लग मी बसवलेला होता. काहीतरी माझ्या दिशेने येतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. समोर तू होतीस. तू नेहमीच समोर असायचीस.

मामांनी तुला त्यानंतर घरात घेतलं नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांनी ते अभिमानाने सांगितलं. मी म्हणालो, "जाऊ द्या मामा, बहीण आहे शेवटी." ते म्हणाले, "तुझं मन मोठं आहे."

हे मामांचं मी खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

उद्या शुश्रूषागृहात जातो.


२१ मार्च

ताई,

तू पत्रात सांगितलंस तसं केलं. क्रमाने लिहितो, म्हणजे तुला कुणाला काही विचारावं लागणार नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मलाही ही भाषा येते हो. मला तेव्हा खटकलं होतं. पण म्हटलं, घरचा माणूस सांगतोय." मग तुझा अर्ज काढला आणि सही कुठे करायची ते पेन्सिलीने दाखवलं. मी सही करत असताना त्या खिडकी उघडायला उठल्या. खिडकी उघडीच होती.

ऑफिसात नाटला सांगितलं. साहेबांना नंतर, तिला आधी. ती म्हणाली, "हे मी विचारलं तेव्हा सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. अजून किती घरांत चाचणीची यंत्रं आहेत माहितीये ना?" मला ते सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच घर होतं. तिने त्याच दिवशी सगळीकडे फोन केले. कुठे एका बाळाच्या खोलीतला हीटर दोनदा असाच थांबला होता. ते लोक समजत होते वायर सैल आहे. बाळ बरं आहे. नमुन्यांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नोकरीचं अजून ठरायचं आहे. पाहुण्याला ते येऊन घेऊन गेले.

मामांकडे गेलो. फोनवर नको, तोंडाने सांग, असं तू लिहिलं होतंस. ते जेवत होते. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांचा हात ताटातच राहिला. "म्हणजे पोर दारात उभी होती बॅग घेऊन," ते म्हणाले, "आणि मी तिला म्हटलं, आधी आईची माफी माग." पुढचं ते मामीशी बोलले, माझ्याशी नाही. मामीने विचारलं, तू जेवणार का. मामा म्हणाले, "त्याला उशीर होत असेल." ते तुला पत्र लिहिणार आहेत. त्यांना लिहिणं जमत नाही, तेव्हा वेळ लागेल.

आईला सांगायचं मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ती उशीला टेकून बसली होती. मी यंत्राचं सांगितलं, प्लगचं सांगितलं. ती म्हणाली, "हे सगळं मला कशाला? तिनं वाढवला होता, मी तेव्हाच सांगितलं की त्या बाईला."

ताई, तिला वाटत होतं, तिने तुला सोडवलं आहे. तिच्या मते ते प्रकरण त्या दिवशीच संपलं होतं. तिच्या एका वाक्यावर तुला घर सोडावं लागलं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तुला सुट्टी मिळत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

मग मी तिला सांगितलं, तिच्या वाक्याचं मी काय केलं.

ती पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी काही फोडलं की आधी ती बघायची आणि मग मारायची, तसं. मग म्हणाली, "माझ्या तोंडून?" एवढंच. मी हो म्हणालो. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. परिचारिकेने येऊन औषध दिलं ते घेतलं. माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

त्यानंतर तुझं दुसरं कार्ड आलं. तू रविवारी सकाळी येतेस. मी त्या वेळी तिथे नसावं. बरोबर आहे. नसेन.

आता कामाचं. गाडीत बसवताना आधी उजवी बाजू धरायची, डावा गुडघा तिला वाकवता येत नाही. जेवणाआधीची गोळी ती जिभेखाली लपवते आणि नंतर उशीच्या अभ्र्यात ठेवते. पाणी पिऊन झाल्यावर तिला काहीतरी विचारायचं, उत्तर द्यायला लागली की समजायचं गिळली. रात्री तिला हाक मारायची लाज वाटते. तू तिच्याच खोलीत झोप. हे तुला मी सांगावं असं नाही, पण इतके दिवस माझ्याकडे एवढंच जमलं आहे ते देतो. कपडे मी भरून ठेवले आहेत. दोन्ही स्वेटर वरच आहेत.

आज संध्याकाळी शेवटचा जाऊन आलो. तिचे पाय गार होते, म्हणून भरलेल्या कपड्यांतून मोजे काढले. तिने विचारलं, "रविवारी कोण येणार आहे न्यायला?"

"ताई."

"आणि तू?"

"मला येऊ नको म्हणाली आहे."

तिने पांघरूण बाजूला सारलं.

"बरं केलं तिनं," ती म्हणाली, आणि मोजा घालायला पाय पुढे केला.

धाकटा